पाहुणे नकोत, पन्हाळा बांधा

पत्र

मॅडम, नमस्कार.

आम्ही साने गुरुजी वसाहतीजवळ राहतो. मोठा मुलगा १६ वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे. बोलतो कमी, पण केएमटीची कुठल्या नंबरची बस कुठून कुठं जाते ते सगळं पाठ. यंदा दिवाळीला त्याच्या विशेष शाळेतल्या मुलामुलींची आमच्याकडं पार्टी करायचं ठरवलंय. सगळी मिळून १२ जण, वय १४ ते १८. चौघांना ऑटिझम, तिघांना डाऊन सिंड्रोम, दोघांना सेरेब्रल पाल्सी आणि त्यातला एक व्हीलचेअरवर. बाकीच्या तिघांना शिकायला, समजायला वेळ लागतो. दोघांना फिट येतात. अपार्टमेंटचा तळमजल्यावरचा हॉल आणि पुढचं अंगण मिळालंय. सहा हजारांपर्यंत खर्च करू शकतो.

शेजारचे म्हणतात, साउंड लावा, पोरं नाचतील. सोसायटीचे चेअरमन म्हणतात, माजी नगरसेवकांना बोलवू, त्यांच्या हस्ते फराळ वाटू, पेपरात फोटो येईल. सासूबाई म्हणतात, फुगे लावा, बडबडगीतं लावा, त्यांना तेवढंच कळतंय. मला यातलं काहीच पटत नाही, पण मग करायचं काय तेही सुचत नाही. गेल्या वर्षी एका मंडळाच्या कार्यक्रमातून मुलगा दहा मिनिटांत कानावर हात ठेवून पळत सुटला होता. परत तसं नको.

– एक आई, कोल्हापूर

उत्तर

ताई,

आधी चेअरमनांचं मिटवू. तिथं तुम्ही नाही म्हटलं नाहीत, तर पुढचं सगळं नियोजन पाण्यात. पाहुणे आले की खुर्च्या आल्या, खुर्च्या आल्या की माईक आला आणि माईक आला की भाषण आलंच. मग १२ मुलं ओळीनं बसणार, नाव पुकारलं की उठून पुडा घेणार, कॅमेऱ्याकडं बघणार आणि परत जाग्यावर बसणार. याला पार्टी म्हणत नाहीत. आपल्याकडं बैलाच्या वाढदिवसालाही डिजिटल फलक लागतो, तेव्हा चेअरमनांच्या मनात हे येणं साहजिक आहे आणि त्यांचा हेतूही वाईट नसणार. त्यांना तोडून बोलू नका. म्हणा, "साहेब, पोरं किल्ला बांधणार आहेत. तो दिवाळीभर अंगणात राहील. पाडव्याला नगरसेवकांना किल्ला बघायला घेऊन या. पार्टीच्या दिवशी मात्र फक्त पोरं." बहुतेक माणसं एवढ्यावर ऐकतात. नाही ऐकलं, तर हॉल सोडा आणि गच्चीवर पार्टी करा, पण यात माघार घेऊ नका. व्हीलचेअरवाल्या मुलासाठी लिफ्ट गच्चीपर्यंत जाते का, तेवढं आधी बघा.

सासूबाईंशी जरा सबुरीनं घ्या. अक्षरओळख दुसरीतल्या मुलाएवढी असली म्हणून आवडीनिवडी दुसरीतल्या नसतात. तुमच्या लेकाला मिसरूड फुटली असेल. डाऊन सिंड्रोम असलेल्या १७ वर्षांच्या मुलीला कुठली लिपस्टिक लावायची हे चांगलं ठाऊक असतं आणि वर्गातला कुठला मुलगा आवडतो तेही. तिला 'चांदोबा चांदोबा भागलास का' लावून टाळ्या वाजवायला सांगितल्या तर ती वाजवेल, कारण सांगितलेलं करायची तिला सवय लावलेली आहे. म्हणून ते तिला आवडलं असं होत नाही. आणि फुगे तर नकोतच. ऑटिझम असलेली काही मुलं, हा फुगा आता फुटेल की मग फुटेल, या धास्तीतच सगळा वेळ काढतात.

आता किल्ला. पार्टीला काहीतरी थीम हवी असं तुम्हाला वाटत असणार, आणि दिवाळीत कोल्हापुरात ती शोधायला लांब जायला नको. किल्ला करणं आपल्याकडं बाळबोध समजत नाहीत. पेठापेठांत मिसरूड फुटलेली, नोकरीला लागलेली पोरं रात्र-रात्र जागून किल्ले उभारतात. म्हणजे वयाला शोभणारं काम झालं. शिवाय त्यात बोलता येणं गरजेचं नाही, वाचता येणं गरजेचं नाही आणि हरणं-जिंकणं तर नाहीच. किल्ला कुठला, तर पन्हाळा. शाळेच्या सहलीत ही मुलं तिथं जाऊन आलेली असतील, तीन दरवाजा आणि सज्जा कोठी त्यांनी डोळ्यांनी पाहिली असेल. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा यादीत जे १२ किल्ले घेतले त्यात तो आहे. नगरसेवकांना भाषण करायचंच असलं तर पाडव्याला तेवढा मुद्दा पुरेल.

किल्ला जमिनीवर करू नका, टेबलावर करा. सेंट्रिंगवाल्याकडून एक प्लाय आणि सुताराच्या दोन घोड्या मागून आणा. व्हीलचेअर खाली शिरून मुलाचे गुडघे आत जातील एवढी उंची ठेवा, साधारण ७५ सेंटिमीटर. बाकीची मुलं उभी राहून काम करतील. ओली माती भलतीच जड होते, म्हणून आतून दगड-विटा न भरता पुठ्ठ्याची खोकी रचा, वर प्लास्टिक अंथरा आणि त्यावर गोणपाट. हा सांगाडा आदल्या रात्री मुलानं आणि त्याच्या बाबांनी उभा करून ठेवायचा. दोन तासांत पायापासून शिखरापर्यंत किल्ला होत नाही, आणि अर्धवट राहिला की पोरं हिरमुसतात.

पार्टीच्या दिवशी उरलेलं काम तुकड्यातुकड्यांनी वाटायचं. गोणपाट पातळ चिखलात बुडवून पसरणं. थापीनं तट लिंपणं. काड्यापेटीच्या विटांचा बुरूज रचणं. गेरूनं दरवाजा रंगवणं. मोहरी पेरणं, स्प्रेच्या बाटलीनं पाणी मारणं आणि शेवटी मावळे मांडणं. प्रत्येक काम असं हवं, की संपलं हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. 'किल्ला सजवा' असं मोघम सांगितलं की निम्मी मुलं नुसती बघत उभी राहतील. 'या वाटीतली मोहरी या हिरव्या दोऱ्याच्या आत टाक' असं सांगा.

मातीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण गंमतही तिथंच आहे आणि भांडणही तिथंच. काही मुलांना चिखलात कोपरापर्यंत हात घालून बसायला मिळालं की स्वर्ग. काहींना बोटाला ओला ठिपका लागला तरी अंगावर काटा येतो, आणि हे नखरे नसतात, त्यांना तो स्पर्श खरंच बोचतो. अशांना थापी द्या, ब्रश द्या, रबरी हातमोजे द्या किंवा स्प्रेची बाटली द्या. हात धुवायची बादली आणि पंचा टेबलाशेजारीच ठेवा. नळापर्यंत चालत जायची वाट पाहणं काहींना जमत नाही. पेरायला बरेच जण अहळीव घेतात, पण अहळीव भिजला की बुळबुळीत होतो. तो ज्यांना चालेल त्यांना द्या, बाकीच्यांना मोहरी. दोन्ही चार-पाच दिवसांत उगवतं, म्हणून पार्टी वसुबारसेच्या आधीच्या रविवारी ठेवा. फटाके अजून सुरू झालेले नसतात आणि लक्ष्मीपूजनापर्यंत किल्ल्यावर हिरवळ येते.

आता याच पन्हाळ्याची नावं हॉलला द्या, म्हणजे थीमही झाली आणि मुलांना कुठं काय आहे तेही कळलं. अंगणाचं फाटक म्हणजे तीन दरवाजा. पाण्याचं पिंप म्हणजे अंधारबाव. फराळाचं टेबल म्हणजे अंबारखाना. पन्हाळ्यावर धान्याची ती तीन कोठारं आहेत ना, गंगा, यमुना, सरस्वती, तसे तीन डबे मांडा: गोड, तिखट आणि मऊ. आणि हॉलशेजारची ती मीटरची किंवा वॉचमनची खोली मोकळी करून घ्या, तिला म्हणायचं सज्जा कोठी. प्रत्येक जागेवर नाव आणि मोठा फोटो.

ही सज्जा कोठी तुमच्या पार्टीतली सगळ्यात महत्त्वाची जागा आहे. गेल्या वर्षी तुमचा मुलगा पळाला, कारण त्याला जायला दुसरी जागाच नव्हती. आत सतरंजी, लोड, पंखा, मंद उजेड, बास. तिथं गाणं नाही, फराळ नाही, 'काय झालं रे बाळा' नाही. दारात एक ओळखीची बाई बसेल, तीही हातात विणकाम घेऊन. कुणीही कधीही आत जावं, हवं तेवढं बसावं आणि मन होईल तेव्हा बाहेर यावं. कुणी रडायला लागल्यावर त्याला तिथं उचलून नेऊ नका. तसं केलं की ती शिक्षेची खोली होते आणि मग कुणी आपणहून तिथं पाऊल ठेवत नाही. पार्टी सुरू झाल्या झाल्या सगळ्यांना एकदा आत नेऊन दाखवून आणा.

तुमच्या मुलाला यजमान करा. त्याला केएमटीचं वेड आहे, मग तो या पार्टीचा कंडक्टर. फाटकाशी छोटं टेबल, त्याच्यासमोर १२ तिकिटं. तिकिटावर पाहुण्याचा फोटो, नंबर आणि त्याच्या कामाचं चित्र. १ नंबर तीन दरवाजा, २ नंबर अंधारबाव, असं. आलेल्याला तिकीट द्यायचं, बस. बोलायला लागत नाही, नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि तरी दारात स्वागत करणारा तोच. तिकिटं त्यानंच आठवडाभर आधी तयार करावीत. सगळ्यांना एकदम चारला बोलावू नका. दोघा-तिघांना पावणेचार, पुढच्यांना चार, मग सव्वाचार. फाटकात एकदम २५ माणसं दिसली की जी पोरं आत यायची तीही मागं फिरतात.

त्याआधी घरोघरी फोन करायचे आहेत, आणि हे काम दुसऱ्या कुणावर सोपवू नका. काय आवडतं ते आधी विचारा, काय चालत नाही ते नंतर. खाणं कसं आहे, गिळायला त्रास होतो का, कशाची भीती आहे, औषधं किती वाजता, शौचालयात मदत लागते का, बिनसायला लागलं की आधी काय दिसतं. हे शेवटचं फार उपयोगी पडतं. कुणी हात चावतं, कुणी एकच वाक्य घोळवत बसतं, कुणी एकदम गप्प होतं. ते आपल्याला आधी ठाऊक असलं तर पाच मिनिटं वाचतात. मग आठवडाभर आधी हॉलचा छोटा व्हिडिओ काढून सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा: हे फाटक, हे टेबल, ही सज्जा कोठी, हे शौचालय. आणि सोबत सहा चित्रांची एक पट्टी: तिकीट, किल्ला, फराळ, गाणी, पणत्या, घरी. तीच पट्टी मोठी करून हॉलच्या भिंतीवर लावा आणि एक गोष्ट झाली की ते चित्र उलटं करा. पुढं काय आहे आणि कधी संपणार हे कळलं की निम्मी अस्वस्थता जाते. तुम्हाआम्हाला नाही का, लग्नात जेवण किती वाजता ते कळल्याशिवाय चैन पडत!

आवाजाचं बघू. आपण गप्पा मारताना पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट, रस्त्यावरची रिक्षा हे सगळं आपसूक मागं पडतं. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना हे सगळं एकदम आणि सारख्याच जोरानं ऐकू येतं. त्यात फरशीचा मोकळा हॉल म्हणजे घुमणं आलंच. सतरंज्या अंथरा, खिडक्यांना जुने जाड पडदे किंवा चादरी लावा, फरक लगेच कळेल. साउंड सिस्टीमला माझा ठाम नकार आहे. घरातला एक ब्लूटूथ स्पीकर पुरे. आवाज किती, तर हातभर अंतरावर उभ्या दोन माणसांना आवाज न चढवता बोलता येईल इतका. गाणी मुलांकडून आधीच मागवा आणि ती मागतील तीच लावा, तुम्हाला ती कितीही चावट वाटली तरी. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतले कामगार कानावर चढवतात तसले इअरमफ सेफ्टीच्या सामानाच्या दुकानात मिळतात. तीन-चार आणून टेबलावर ठेवा, लागेल तो घेईल. तुमचा मुलगा फाटकात ते घालूनच बसला तरी बिघडत नाही.

माळा लावायच्या तर एकसारख्या जळणाऱ्या लावा. ते लुकलुकणं, पळणं बंद. फिट येणाऱ्या शंभरातल्या साधारण तिघांना उघडझाप करणाऱ्या दिव्यांनी फिट येऊ शकते, आणि हा त्रास या वयात जास्त दिसतो. डिस्को लाईटला त्यामुळं फाटकातूनच निरोप. अगरबत्ती, धूप, अत्तर, उटणं यांचाही वास नको. दिवाळी वाटावी म्हणून झेंडूची तोरणं भरपूर लावा.

फिटची गोष्ट निघालीच आहे तर सांगून टाकते, कारण ऐन वेळी आपल्याकडं चप्पल हुंगवायला आणि कांदा फोडायला माणसं धावतात. चप्पल नको, कांदा नको, तोंडात चमचा तर अजिबात नको. घड्याळ बघायचं, आजूबाजूचं सामान सरकवायचं, डोक्याखाली घडी करून काहीतरी मऊ द्यायचं, कुशीवर वळवायचं, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर १०८ ला फोन. त्या दोघांच्या आईवडिलांना डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे वगैरे दिला असेल तर तो कुठं आहे आणि कोण देणार हे आधी ठरवा. दुपारची गोळी चुकली, रात्री झोप झाली नाही, तर फिटचा धोका वाढतो. पार्टी संध्याकाळी उशिरा नको म्हणते ती त्यासाठीही.

फराळ. चिवड्यातले शेंगदाणे आणि डाळं, कडक चकली, टाळूला चिकटणारा बेसनाचा लाडू, हे ज्या मुलांना नीट चावता-गिळता येत नाही त्यांच्या घशात अडकू शकतं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या बाबतीत आईला विचारल्याशिवाय घासही देऊ नका. अन्ननलिकेत जाण्याऐवजी अन्न श्वासनलिकेत उतरू शकतं आणि ते बाहेरून कळतही नाही. म्हणून तो तिसरा, मऊ डबा: रव्याची पातळ खीर, मऊ शिरा, कुस्करलेलं केळं. पाणीसुद्धा काहींना घट्ट करून द्यावं लागतं, तेही त्या घरालाच ठाऊक. भरवताना मूल ताठ बसलेलं हवं, मान मागं टाकलेली नको. चटणी कोल्हापुरी असली तरी हात आखडता घ्या. कुणी घरून डबा आणला, कुणी फक्त एकाच कंपनीचं बिस्किट खातं, कुणाच्या घरी गहू-दूध बंद आहे, तर तसंच चालू द्या. 'अगं एक लाडू खाल्ला तर काय होतंय' असं म्हणणाऱ्या मावशींना अंबारखान्यापासून लांब ठेवा. आणि ढीग मांडून 'घ्या हवं तेवढं' असं नको. काही मुलांना पोट भरल्याचं कळतच नाही. डबे झाकलेले ठेवा आणि ताटल्या भरून द्या. वाढायचं काम मुलांपैकीच दोघांना द्या, त्यांच्या तिकिटावर तेच चित्र असेल.

मदतीला माणसं किती? बारा मुलांना सहा पुरेत, त्याहून जास्त नकोत. नाहीतर प्रत्येक मुलामागं एक सावली आणि कुणी कुणाशी बोलेना. कॉलेजची मुलं-मुली घ्या, वयानं जवळची असतात. त्यांना आदल्या दिवशी अर्धा तास बसवून चार गोष्टी पक्क्या सांगा. मुलाबद्दल त्याच्या आईला विचारायचं नाही, मुलालाच विचारायचं. विचारल्यावर मनात दहा आकडे मोजायचे, मग दुसरं वाक्य. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना कमी ऐकू येणं सर्रास आढळतं, तेव्हा मागून हाक मारायची नाही, समोर जाऊन बोलायचं. आणि नाचताना कुणालाही हाताला धरून ओढायचं नाही, खांद्यावर उचलायचं तर मुळीच नाही. डाऊन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असू शकतो, हिसका बसला तर भलतंच निस्तरावं लागेल. कोलांट्याउड्या आणि गरगरत्या फुगड्या म्हणूनच नकोत. मिठीचंही सांगा. ही मुलं प्रेमळ असतात म्हणून कुणीही कुणालाही कवटाळावं असं नाही. १६-१७ वर्षांच्या मुलामुलींना जे बाकीच्यांसाठी लागू, तेच इथं. नमस्कार किंवा टाळी. मुलींसाठी शौचालयात सॅनिटरी पॅड ठेवा आणि कुणाला विचारायचं ती ताई आधी दाखवून द्या.

मदतनिसांपैकी एकाला दुसरं कुठलंच काम द्यायचं नाही, त्यानं पूर्ण वेळ फाटकात बसायचं. तुमच्याकडून रंकाळा काही लांब नाही, आणि ऑटिझम असलेल्या कित्येक मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते. मूल दिसेनासं झालं तर आधी पाण्याच्या दिशेनं माणूस पळवायचा, मग बाकीकडं शोधायचं. प्रत्येकाच्या खिशात घरच्या फोन नंबरची चिठ्ठी. गळ्यात पाटी अडकवू नका.

आईवडिलांना वरती तुमच्या घरी बसवा. चहा, भडंग, गप्पा. त्यांना हे असं निवांत बसणं कुठं मिळतं? दोघे-दोघे आळीपाळीनं हाकेच्या अंतरावर राहतील, पण हॉलमध्ये नाही. आई समोर असली की मूल तिच्याकडं बघून वागतं, आणि आईही गप्प राहत नाही. "सांग काकांना नाव, म्हण ना, म्हण" हे सुरू झालं की संपलं. जुळवून घ्यायला ज्यांना खरंच वेळ लागतो, त्यांच्या आईनं पहिला अर्धा तास थांबावं. भावंडं यायची तर पाहुणी म्हणून येऊ देत. वर्षभर सांभाळतातच ती.

हॉलला पायरी आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. एक १५ सेंटिमीटरची पायरी असली तर उतरंडीची फळी १८० सेंटिमीटर लांब हवी, म्हणजे एकास बारा. आखूड फळी टाकली की खुर्ची मागं कलंडते. चार जणांनी खुर्चीसकट उचलून नेणं हा काही पर्याय नाही, १६ वर्षांच्या मुलाला ते लाजिरवाणं वाटतं.

वेळेचं एवढंच: पावणेचार ते सव्वासहा. आधी किल्ला तासभर, मग फराळ, मग गाणी. किल्ल्यात कुणी रंगला असेल तर त्याला गाण्यासाठी उठवू नका. त्या सुमाराला कोल्हापुरात सहाच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणजे पणत्या लावायला अंधाराची वाट बघायला लागत नाही. किल्ल्यावर बॅटरीच्या पणत्या, खऱ्या तेलाच्या फक्त फाटकाबाहेर ओट्यावर आणि मोठ्या माणसाच्या हातानं. ओढण्या, झुळझुळीत कुडते आणि ज्योत यांची गाठ नको. निघायची वेळ सगळ्यात अवघड. दहा मिनिटं आधी पट्टीवरचं 'घरी'चं चित्र दाखवा, मग तुमच्या कंडक्टरनं डबल बेल द्यायची. छोटी घंटी असू दे, आणि तिचा आवाज त्याला आधी ऐकवून बघा. जाताना प्रत्येकाच्या हातात एक मावळा आणि आपण पेरलेल्या मोहरीची कागदी पेल्यातली माती. फोटो पालकांनी होकार दिला असेल त्यांचेच, आणि मुलांनाही विचारून. नको म्हणणारं एखादं असतंच, त्याचा नको.

सहा हजारांचं म्हणाल तर निम्म्याहून जास्त फराळाला जाऊ द्या, जवळपासच्या बचत गटाकडून घ्या. प्लाय, घोड्या, गोणपाट, खोकी मागून आणायच्या. खर्च मावळ्यांचा, इअरमफचा आणि बॅटरीच्या पणत्यांचा. मावळे कुंभार गल्लीत मातीचे घ्या, प्लास्टिकचे नकोत. तळव्यात जरा जड लागतात, मांडताना पडत नाहीत, आणि हात थरथरणाऱ्या मुलाला तेच सोपे जातात. दहा-बारा सेंटिमीटरहून लहान घेऊ नका. मुलाला बरोबर न्या, पण सकाळी दुकानं उघडताना, आणि वसुबारसेच्या दोन आठवडे तरी आधी. शेवटच्या आठवड्यात तिथं पाऊल ठेवायला जागा नसते आणि चांगले मावळे संपलेले असतात. जाताना केएमटीनं जा. नंबर त्याला ठाऊक असेलच.